तीन आठवडे, वीस जागा, उद्घाटन नको

प्रति,
मा. कुलगुरू,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधीच सांगून टाकते. मराठवाड्यात दर वर्षी डेव्हलपमेंटल बायॉलॉजीचा (भ्रूणविकासशास्त्राचा) एक तीन आठवड्यांचा निवासी प्रात्यक्षिक वर्ग सुरू करा. जागा वीस. निम्म्या पीएचडी करणाऱ्या मुलामुलींना, निम्म्या ग्रामीण कॉलेजांत नव्याने शिकवायला लागलेल्यांना. प्रयोगशाळा रात्रंदिवस उघडी. आणि उद्घाटन नको.

शेवटची अट आपल्याला आगाऊपणाची वाटेल. तिचं कारण पुढे येईलच.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवते. नेट झाली, पीएचडी झाली, तरी अजून तासिका तत्त्वावरच आहे. पत्राखाली नाव नाही, कारण जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला उभं राहायचं असतं आणि मुलाखत घेणाऱ्यांना असली पत्रं आवडतातच असं नाही. आपण समजून घ्याल.

एका पेशीपासून अख्खा प्राणी कसा घडतो, हा आमच्या विषयातला सगळ्यात रसरशीत भाग. शिकवतो मात्र आम्ही तो पार वाळवून. एमएस्सीच्या प्रात्यक्षिकाला कोंबडीच्या भ्रूणाच्या कायमस्वरूपी स्लाइड्स असतात: २४ तास, ३३ तास, ४८ तास, ७२ तास. कधी काळी दिलेला रंग उडून त्या फिकट गुलाबी झालेल्या असतात. मुलं त्यावरून जर्नलमध्ये आकृती काढतात. खरं तर स्लाइडवरूनही नाही, आधीच्या वर्षीच्या जर्नलवरून. स्पॉटिंगला, म्हणजे स्लाइड पाहून ओळखण्याच्या परीक्षेला, कुठली स्लाइड लागणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. एका कॉलेजात तर मी परीक्षेआधी मुलांना एकमेकांना सांगताना ऐकलंय, ‘कोपरा तुटलेली असली की ७२ तास लिही.’ ते पाठ करतात आणि पास होतात. बाह्य परीक्षकही समाधानाने चहा घेऊन जातात.

त्यात मुलांना दोष नाही. आपल्याच लातूर-नांदेडात ‘नीट’च्या तयारीला बसलेली हजारो मुलं गॅस्ट्रुलेशन, नोटोकॉर्ड, मेसोडर्म हे शब्द झोपेतसुद्धा बरोबर सांगतील. चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखण्यात या भागाचा हात कुणी धरणार नाही. पण भ्रूणाला मेसोडर्म, पेशींचा मधला थर, असतो म्हणजे नेमकं कुठे काय असतं, हे यांतल्या एकानेही डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. त्यांच्या शिक्षकांनीही पाहिलेलं नसतं. मुद्दा मुलांचा कमी आणि आम्हा शिक्षकांचा जास्त आहे, हे मी इथे कबूल करून पुढे जाते.

आता प्रत्यक्ष काम म्हणजे काय, ते थोडं जवळून सांगते, कारण तीन आठवडे का मागतेय ते त्याशिवाय कळायचं नाही.

कोंबडीचं फलित अंडं साधारण ३८ अंशांवर दीड दिवस आडवं ठेवायचं. आडवं ठेवलं की बलक वर तरंगतो आणि भ्रूण बरोबर माथ्यावर येतो. मग रुंद टोकाला बारीक भोक पाडून सिरिंजने दोन-तीन मिली पांढरा द्रव काढून घ्यायचा, म्हणजे बलक खाली बसतो आणि कवच कापताना भ्रूणाला कात्री लागत नाही. कवचावर आधी चिकटपट्टी लावायची, नाहीतर कवचाचे बारीक कण आत पडतात. वाकड्या टोकाच्या कात्रीने रुपयाएवढी खिडकी कापायची. खाली पिवळ्या बलकावर एक पारदर्शक, फिकट चकती दिसते. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. काही म्हणजे काहीच नाही. मग चकतीखाली अगदी पातळ केलेली काळी शाई एका बारीक सुईने सोडायची, आणि काळ्या पार्श्वभूमीवर भ्रूण एकदम उठून येतो. डोक्याच्या घड्या, पाठीच्या दोन्ही बाजूंना ओळीने मांडलेले सोमाइट्स (पुढे मणके आणि स्नायू होणारे पेशींचे गोळे), आणि वेळ जुळून आली असली तर नळीसारखं हृदय. अंडं उबवायला ठेवल्यापासून ३३ ते ३८ तासांच्या सुमाराला हे हृदय हलायला लागतं. आधी नुसतं थरथरतं, थांबतं, पुन्हा थरथरतं. रक्त अजून वाहत नसतं, पण पंप सुरू झालेला असतो.

हे वाचायला सोपं आहे. करताना काय होतं? पहिल्या डझनभर अंड्यांत बलक फुटतो. चिमट्याचं टोक वाकलेलं असतं, ते पडदा पकडत नाही, फाडतं. शाई जास्त गेली की सगळंच काळं. श्वास रोखून काम केलं की हात जास्त कापतो, हेही कुणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं. भ्रूण पडद्यासकट गाळणकागदाच्या रिंगवर उचलून घ्यायचा आणि अगार या जेलीच्या बशीत पालथा वाढवायचा, ही पुढची पायरी. तिथे पुन्हा डझनभर वाया. आणि त्यानंतर कुठे खरा प्रश्न विचारता येतो: हा तुकडा इथून काढून तिथे लावला तर काय होईल?

मला हे पुण्याच्या एका संशोधन संस्थेत, ओळखीच्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी उदार मनाने बसू दिलं म्हणून शिकायला मिळालं. तिथे एक गोष्ट लक्षात आली. माझं हे काम बुद्धीवर अडत नव्हतं, हातावर अडत होतं, आणि हात तयार व्हायला एकाच जागी, लागोपाठ, बरेच दिवस बसावं लागतं. तबला शिकणाऱ्याला महिन्यातून एकदा दोन तास देऊन चालत नाही, तसंच हे. ओळखीवर मिळालेली ती संधी मला मिळाली, माझ्या वर्गमित्रांपैकी इतर कुणाला मिळाली नाही. ही काही व्यवस्था नव्हे.

आता त्या उद्घाटनाबद्दल.

आपल्याकडे ‘हँड्स-ऑन वर्कशॉप’ होत नाहीत असं नाही, भरपूर होतात. मी बऱ्याच ठिकाणी जाऊन बसलेय. वेळ दहाची असते, पाहुणे साडेअकराला येतात. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभार. मग जेवण. दुपारी अडीचला ऐंशी जण एका मायक्रोस्कोपभोवती जमतात, पहिल्या रांगेतले सहा जण काहीतरी पाहतात, मागचे मोबाइलवर फोटो काढतात. साडेचारला प्रमाणपत्र वाटप, कारण लांबच्यांना शेवटची एसटी गाठायची असते. हाताला काहीही लागलेलं नसतं. पण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये एक कार्यशाळा वाढते, आमच्या बढतीच्या अर्जात एक प्रमाणपत्र वाढतं, सगळ्यांचंच भागतं. मी यात कुणा एका कॉलेजाला नावं ठेवत नाही. कार्यशाळा मोजल्या जातात, कार्यशाळेत कोण काय शिकलं ते मोजलं जात नाही. मग असंच होणार. म्हणून म्हटलं, उद्घाटन नको. पहिल्या दिवशी सकाळी आठला प्रत्येकाच्या पुढ्यात एक स्टिरिओ मायक्रोस्कोप, दोन चिमटे आणि अंड्यांचा ट्रे असू द्या. कुलगुरूंनी यावं, जरूर यावं. पण दुसऱ्या आठवड्यात, रात्री अकराला, आणि एक अंडं स्वतः उघडून पाहावं.

जगात हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत वुड्स होल नावाच्या समुद्रकाठच्या गावी मरीन बायॉलॉजिकल लॅबोरेटरी आहे. तिथे १८९३ सालापासून भ्रूणविज्ञानाचा उन्हाळी वर्ग चालतो. सहा आठवडे. पीएचडीची मुलं, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या प्राध्यापकांना घेतात. सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्यापासून उंदरापर्यंत अनेक प्राण्यांचे भ्रूण त्यांच्या हाताखालून जातात. शिकवणारे जगातले नामांकित, पण तेही तिथेच राहतात, त्याच खानावळीत जेवतात आणि मध्यरात्री विद्यार्थ्याच्या शेजारी स्टूल ओढून बसतात. या विषयात पुढे नाव काढलेल्या कितीतरी जणांच्या आयुष्यात हे सहा आठवडे येऊन गेलेले आहेत. फी, व्हिसा, विमान मिळून खर्च लाखांत जातो. शिष्यवृत्त्या आहेत, पण अर्जात आधीच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तो अनुभव मिळवण्यासाठीच तर जायचं असतं. परळीच्या किंवा औंढ्याच्या मुलीने तिथे पोचावं ही अपेक्षा मी करत नाही. त्या वर्गाचा साचा इथे आणावा एवढंच म्हणतेय.

कुणी म्हणेल, पीएचडीची पोरं काय मोठे शोध लावणार, त्यांना एवढं कशाला? या विषयाचा इतिहास जरा उलटा आहे. १९०९ साली एथेल ब्राउन या विद्यार्थिनीने हायड्रा या गोड्या पाण्यातल्या इवल्या, नळीसारख्या प्राण्याच्या तोंडाजवळचा तुकडा दुसऱ्या हायड्राच्या अंगात बसवला आणि तिथून नवं डोकं, नव्या शुंडिका (तोंडाभोवतीच्या सोंडा) उगवल्या. शरीराचा एक लहानसा भाग आजूबाजूच्या पेशींना ‘तुम्ही काय व्हायचं’ हे सांगू शकतो, हे तिथे दिसलं. पुढे जर्मनीत हिल्डे मॅन्गोल्ड या पीएचडी करणाऱ्या मुलीने न्यूट नावाच्या उभयचर प्राण्याच्या भ्रूणावर तसाच प्रयोग केला. एका भ्रूणाच्या विशिष्ट भागाचा तुकडा दुसऱ्याच्या पोटाच्या बाजूला लावला आणि तिथे दुसरा जुळा भ्रूण घडायला लागला. हत्यारं काय, तर काचेच्या सुया आणि केसाचे फास. तिचे गुरू हान्स श्पेमान तान्ह्या बाळाचा केस वापरत, कारण तो सगळ्यात मऊ. त्या काळी प्रतिजैविकं नव्हती, बहुतेक भ्रूण जंतुसंसर्गाने मरत. शेकडो प्रयत्नांतून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच नीट जगले, आणि त्यांवर १९२४चा तो शोधनिबंध उभा राहिला. त्याच वर्षी घरातल्या शेगडीच्या स्फोटात हिल्डे गेली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. १९३५ साली नोबेल मिळालं ते श्पेमान यांना. दोन्ही शोधांमागचे हात विद्यार्थिनींचे होते, आणि त्या हातांना पुष्कळ भ्रूण वाया घालवायची मुभा होती. आमच्याकडे वर्षाच्या कंटिन्जन्सीत (किरकोळ खर्चाच्या रकमेत) दोन ट्रे अंडी बसवायची म्हटली तरी लेखापाल विचारतात, ‘मॅडम, ही खायची का?’

महाराष्ट्रातही परंपरा आहेच. डॉ. लीला मुल्हेरकरांनी १९५०च्या दशकात एडिंबरोला भ्रूणशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या भ्रूणावर काम केलं आणि परत येऊन पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात ते रुजवलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर पुष्कळ काम झालं, तेही पुण्यात सापडलेल्या हायड्रावर. परदेशी शिकून आलेली एक व्यक्ती, एक टेबल, आणि तिथून पिढ्या. पुण्यात हे झालं, मराठवाड्यात झालं नाही. आपलं विद्यापीठच १९५८चं, त्याआधी आपली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली. उशिरा निघालो हे खरं आहे. पण तेही साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं, आता ते कारण पुरत नाही.

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण ‘मराठवाड्यातच का’ या प्रश्नाचं माझं उत्तर अनुशेषाचं नाही. अनुशेष अनुशेष करून आपण थकलो. उत्तर असं की या विषयाला लागणारा माल आपल्या दारात पडलेला आहे.

रेशीम घ्या. जालन्याच्या बाजार समितीत कोषांचे लिलाव होतात, बीड-परभणी-जालन्याच्या कितीतरी शेतकऱ्यांनी कापूस मोडून तुती लावली. शेतकरी चॉकी सेंटरवरून बाल्यावस्थेतल्या अळ्या आणतो. त्या सेंटरवर काय चालतं ते कधी बघा. अंडीपुंजांवर बारीक काळा ठिपका दिसायला लागला, म्हणजे आतल्या अळीचं डोकं रंगलं, की पुंज काळ्या कापडात गुंडाळून अंधारात ठेवतात. याला ते ब्लॅक बॉक्सिंग म्हणतात. ज्या अळ्या पुढे गेल्यात त्या थांबतात, मागच्या त्यांना गाठतात, आणि दोन दिवसांनी सकाळी उजेड दाखवला की सगळ्या एकदम बाहेर. सेंटरवाला हे पोटासाठी करतो आणि बिनचूक करतो. त्याच्या मागचं शास्त्र म्हणजे भ्रूणाची वाढ आणि उजेड-अंधाराचं नातं. त्याहून गंमत पुढे आहे. वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या जातीची मादी पुढे झोपी जाणारी, म्हणजे काही काळ वाढ थांबवणारी, अंडी घालणार की न झोपणारी, हे ती स्वतः अंड्यात असताना तिला मिळालेल्या उष्णतेवर आणि उजेडावर ठरतं. २५ अंश आणि उजेड मिळालेल्या अंड्यातून आलेली मादी झोपी जाणारी अंडी घालते, १५ अंश आणि अंधार मिळालेली न झोपणारी. झोपी जाणारी अंडी वेळेवर उबायला हवी असतील तर घातल्यावर साधारण २० तासांनी त्यांना कोमट हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं बुडवतात, मग ती झोपत नाहीत. आई स्वतः अंड्यात असतानाचं हवामान लेकरांपर्यंत पोचतं, याचं यापेक्षा देखणं उदाहरण पाठ्यपुस्तकात नाही. आणि आमची एमएस्सीची मुलं ते सोडून बेडकाच्या प्लॅस्टिकच्या मॉडेलला रंग देत बसतात! रेशीमकिड्यांचा पेब्रिन रोग आईकडून अंड्यात उतरतो, म्हणून अंडी घालून झालेली मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. लुई पाश्चर यांनी १८६५नंतर याच कामात वर्षं घातली. ही तपासणी आजही अंडीपुंज निर्मिती केंद्रांत रोज होते. परभणीच्या कृषी विद्यापीठाला यातलं मी काय सांगणार? त्यांना फक्त दार उघडायचं आहे.

कापूस घ्या. सरकीवरचा प्रत्येक धागा म्हणजे एकच पेशी. बोंडातल्या बीजांडाच्या सालीतल्या काही पेशी फूल उमलायच्या दिवशी फुगायला लागतात आणि पुढच्या काही आठवड्यांत इंचभर लांब होतात. शेजारच्या पेशी नाहीत. काही पेशींनीच धागा व्हायचं हे कसं ठरतं? हा प्रश्न पडायला कुठल्याही परदेशी यंत्राची गरज नाही, सकाळी उमललेली कपाशीची फुलं आणि एक भिंग पुरे.

धोतरा तर रस्त्याच्या कडेला उगवतो. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशांपासून थेट भ्रूण मिळवले, गुणसूत्रांचा एकच संच असलेले. त्यातून पीक पैदाशीची एक अख्खी पद्धत जगभर निघाली. भारतीय प्रयोगशाळा, आपल्याच रस्त्याकडेचं तण. आपल्या वनस्पतिशास्त्राच्या किती विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करून पाहिलाय?

आणि हायड्रा. स्वच्छ, न हलणाऱ्या पाण्यातल्या पाणवनस्पतींखाली सापडतो, थंड पाणी लागतं, १८-२० अंश. उन्हाळ्यात आपल्याकडे तो टिकणार नाही. म्हणून वर्ग मे महिन्यात नको. ‘सुट्टी आहे ना मग’ म्हणून सगळे मे सुचवतात, पण बेचाळीस अंशांच्या खोलीत अंडी आणायची तर ती वाटेतच उबायला लागतात. पंचवीस-सत्तावीस अंशांपुढे गेलं की भ्रूण मंद गतीने, वेडावाकडा का होईना, वाढायला लागतो. मग इन्क्युबेटरमध्ये ठेवलेली वेळ आणि भ्रूणाचं वय जुळत नाही. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ साली कोंबडीच्या भ्रूणाच्या ४६ अवस्था तासांवर न बांधता अवयवांच्या खुणांवर बांधल्या, त्याचं मर्म एप्रिलमध्ये एसटीने अंडी आणणाऱ्याला लगेच कळतं. तेव्हा हिवाळी परीक्षा संपल्यावर, डिसेंबरचा शेवट ते जानेवारी, हा काळ धरावा.

आता अडचणी. यातल्या काही आपल्याला क्षुल्लक वाटतील, पण वर्ग फसेल तो याच गोष्टींवर.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला रजा नसते. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. तीन आठवडे प्रशिक्षणाला जाणं म्हणजे तीन आठवड्यांचं उत्पन्न बुडवणं, शिवाय प्राचार्यांची नाराजी. म्हणून निवड झालेल्यांना विद्यावेतन हवं आणि कॉलेजला विद्यापीठाचं पत्र हवं की हा काळ कर्तव्यकाळ धरावा. हे नसेल तर त्या दहा जागा कायम नोकरीतलेच घेऊन जातील, आणि तेही बढतीच्या फाइलसाठी.

मुलींचं वसतिगृह. फाटक रात्री बंद होतं. भ्रूणाला हे माहीत नसतं. झेब्राफिश हा छोटा मासा पहाटेच्या उजेडाबरोबर अंडी घालतो, पाऊण तासात पहिलं विभाजन, मग दर १५ मिनिटांनी पुढचं. अंडं संध्याकाळी सातला ठेवलं तर हृदय दुसऱ्या दिवशी नव्हे, तिसऱ्या दिवशी पहाटे हलायला लागेल. दहा ते पाच प्रयोगशाळा चालवून यातलं काही दिसत नाही. तेव्हा प्रयोगशाळेच्या इमारतीतच किंवा अगदी लगत राहण्याची सोय, रात्रपाळीला एक महिला कर्मचारी, आणि लहान मूल बरोबर आणणारीला एक खोली. शेवटची गोष्ट मुद्दाम लिहितेय. या वयातल्या निम्म्या शिक्षिकांच्या कडेवर मूल असतं आणि अर्ज न करण्याचं ते खरं कारण असतं, जे कुणी अर्जात लिहीत नाही.

खरेदी. कृपा करून चिमटे सगळ्यात कमी दराच्या निविदेवर घेऊ नका. डिसेक्शन बॉक्समधला चिमटा बेडकाची कातडी ओढायला ठीक होता. भ्रूणाचा पडदा पकडायला घड्याळजी वापरतात तसा सुईसारख्या टोकाचा लागतो, तो महाग असतो आणि एकदा जमिनीवर पडला की संपला. वर्गाच्या पहिल्या दिवशी चिमट्याला बारीक पॉलिश कागदावर धार लावायलाच शिकवावं. उलट मोठी यंत्रं नकोत. कोट्यवधींचा कॉन्फोकल मायक्रोस्कोप आणून तो देखभालीचा करार संपल्यावर कापडाखाली झाकून ठेवण्यापेक्षा वीस साधे, मजबूत स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि इन्व्हर्टरवर चालणारे दोन इन्क्युबेटर घ्या. वीज जाणार हे गृहीतच धरायचं.

परवानग्या. माशांवरच्या आणि इतर पृष्ठवंशी प्राण्यांवरच्या प्रयोगांना संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मान्यता आधीच घेऊन ठेवावी. यूजीसीने डिसेक्शन बंद केलं तेव्हा अनेक कॉलेजांनी प्राणी म्हणजे भानगड असं ठरवून प्रयोगशाळाच रिकाम्या केल्या. सुरुवातीचा कोंबडीचा भ्रूण, हायड्रा, रेशीमकिडा, ड्रोसोफिला (फळमाशी) यांवर प्राण्यांना यातना न देता पुष्कळ शिकता येतं, हे या वर्गातून निघालेले शिक्षक आपापल्या कॉलेजात दाखवतील.

शिकवणारे कुठून आणायचे? नांदेडहून हैदराबाद एका रात्रीच्या रेल्वेवर, तिथे सीसीएमबी ही पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्राची संशोधन संस्था. संभाजीनगरहून पुणे अर्ध्या दिवसावर, तिथे आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि आघारकर. आपण दोन्हींच्या मध्ये बसलोय. या संस्थांतले लोक एका व्याख्यानाला बोलावले तर येतात, बोलतात, त्याच संध्याकाळी परततात. त्यांना व्याख्यानाला नका बोलावू. पाच-पाच दिवस राहायला बोलावा, आणि त्यांच्यापेक्षा त्यांच्या प्रयोगशाळेतल्या पोस्टडॉकना बोलावा, कारण रोज हाताने काम तेच करतात. पाच विद्यार्थ्यांमागे एक शिकवणारा, याहून विरळ नको. चॉकी सेंटर चालवणाऱ्या एखाद्या अनुभवी माणसालाही मानधन देऊन दोन दिवस शिकवायला बोलवावं. पदवी विचारू नये.

‘याने नोकरी लागेल का?’ असा प्रश्न विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) कुणीतरी विचारणारच. थोडं उत्तर आहे. संभाजीनगर, लातूर, नांदेडला वंध्यत्व उपचारांची केंद्रं आहेत, २०२१च्या कायद्याने त्यांना पात्र भ्रूणतज्ज्ञ ठेवावा लागतो. देवणी आणि लाल कंधारीसारख्या आपल्या गाईंचं जतन करायचं तर भ्रूण प्रत्यारोपण जाणणारे लोक लागतील, परभणी-उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेतच. तीन आठवड्यांत कुणी भ्रूणतज्ज्ञ होत नाही, तसं आश्वासन देणारं पत्रक छापू नका. पण ज्याचा हात सूक्ष्मदर्शकाखाली स्थिर झालाय तो पुढचं प्रशिक्षण निम्म्या वेळात घेतो.

‘आधी प्राध्यापकांच्या रिक्त जागा भरा, मग हे लाड करा’ असंही म्हटलं जाईल. जागा भराव्यातच, त्यात माझा स्वार्थही आहे. पण त्या भरणं आपल्या एकट्याच्या हातात नाही, सरकारच्या हातात आहे. वीस खुर्च्यांचा हा वर्ग मात्र तीन कुलगुरूंनी एका बैठकीत ठरवला तर होतो. पहिल्या वर्षी संभाजीनगरला करा, रेशीम आणि वनस्पतींचे दिवस परभणीला ठेवा, पुढच्या वर्षी नांदेडला न्या. अर्थसंकल्पासाठी अधिसभा भरेल तेव्हा यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा. ‘विद्यार्थी उपक्रम’ या गाठोड्यात घातलंत तर त्यातून स्नेहसंमेलनाचा मंडप येईल.

आपलं उत्तर मला व्यक्तिशः नको, ते परिपत्रकाच्या रूपाने आलं तर सगळ्याच कॉलेजांना वाचता येईल.

कळावे,

आपली,
प्राणिशास्त्राची एक तासिका तत्त्वावरील शिक्षिका
जि. बीड

ता. क.: अर्जात ‘आतापर्यंत प्रसिद्ध झालेले शोधनिबंध’ हा रकाना ठेवू नये. त्याऐवजी एक प्रश्न विचारावा: ‘तुमच्या कॉलेजात चालू स्थितीतले मायक्रोस्कोप किती?’ ज्यांचं उत्तर सगळ्यात कमी, त्यांना आधी घ्या, आणि जाताना एक स्टिरिओ त्यांच्याबरोबर द्या.